ऐच्छिक विषय

खिजर मुल्लाणीनं नवा विषय मांडला आणि विजयमाला मगदूम मॅडमच्या पोटात दुखायला लागलं. मुरगूडचा हा पोरगा त्यांच्याच हाताखाली शिकला, पुण्याच्या कंपनीत चार वर्षं काढून आला आणि आता कोल्हापुरात त्यांच्याच कॉलेजात शिकवायला लागून अभ्यासक्रम ठरवायला बसला होता! विषय काय, तर दूधसंस्थेचं जुनं, बिघडलेलं सॉफ्टवेअर मुलांनी सत्रभर दुरुस्त करायचं. अभ्यास मंडळातले सगळे माना डोलवत होते. मॅडमनी वीस वर्षं सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग शिकवलं, तेव्हा या माना कुठं गेल्या होत्या?

"ऐच्छिक ठेवा," मॅडम गोड आवाजात म्हणाल्या. "सगळ्यांना कशाला सक्ती?" ऐच्छिक विषयाकडं मुलं फिरकत नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

अध्यक्ष जोतीराम सर म्हणाले, "बरोबर हाय की. पण ऐच्छिक म्हटलं की जोडीला दुसरा विषय लागतोय. तुमचाच ठेवू. पोरं ठरवतील कुठला घ्यायचा."

आता नाही म्हणायची सोय उरली नव्हती. मॅडम हसून बरं म्हणाल्या.

जुलैत मुलांनी विषय निवडले. खिजरच्या वर्गात खुर्च्या पुरेनात. मॅडमकडं नऊजण आले. दहा झाले नाहीत तर विषय बंद, हा नियम मागं त्यांनीच आग्रहानं करून घेतला होता. घरी आल्या आल्या त्यांनी लेकीला विचारलं. आदिती त्याच वर्षाला होती.

"मी खिजर सरांचा घेतलाय," आदिती म्हणाली. "तुझं सगळं घरात ऐकून पाठ झालंय की, आई."

मॅडम जेवल्या नाहीत. खिजरचा इतका हेवा त्यांना कधीच वाटला नव्हता. पोटच्या पोरीनंसुद्धा त्यालाच निवडावं? विषय बदलायला अजून मुदत होती, पण 'माझ्यासाठी ये' असं लेकीला म्हणायला जीभ रेटेना.

सोमवारी वर्गात दहावी खुर्ची भरलेली दिसली. आदिती बसली होती. मॅडमचा ऊर भरून आला. लेक शेवटी आपलीच!

"आलीस होय गं?" त्यांनी जवळ जाऊन हळूच विचारलं.

"खिजर सर म्हणाले, मॅडमचा विषय बंद पडाय नको, तू जा." आदिती फळ्याकडं बघत बोलली. "मी न्हाय म्हटलेलं. पण सरांचं ऐकावं लागतंय."

मॅडमनी खडू उचलला. पलीकडच्या वर्गातून हसण्याचा आवाज आला, तशी आदितीची मान तिकडं वळली.