डागाला जागा

"कवटी नको," पेंटर म्हणाले. "दुकानाच्या बोर्डावर तर नकोच नको."

"भाऊजी, हे दुकान नाहीये. ही लॅपटॉपच्या पडद्याची सजावट आहे, लिनक्सची थीम," मेहुणा म्हणाला.

"आत काय आहे ते लोकांना कळावं म्हणून बाहेर रंग लावलाय ना? मग दुकानच. पुढचं दाखव."

मेहुण्याने पुढचं दाखवलं. ती अंतराळयानाची केबिन होती. तिच्यात दोनशे तरी बटणं असावीत, पैकी एकशे नव्वद नुसती लुकलुकण्यासाठी नेमलेली. तिच्यानंतर एक जंगल आलं, त्यात फायली पानांआड लपून बसल्या होत्या. मग एक अगदी साधी, राखाडी थीम आली. तिच्यासमोर बसलं की आपण काहीतरी अर्ज घेऊन आलोय आणि साहेब जेवायला गेलेत, असं वाटायला लागे.

"यातलं तुझ्या ताईला काय दिसेल?" पेंटरांनी विचारलं.

मेहुणा डोकं खाजवू लागला. हा गृहस्थ टेलिफोन खात्यातून निवृत्त झाला आणि त्याला लिनक्स लागलं, म्हणजे जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी बसवायची फुकटची प्रणाली. कुणाकडेही गेला की आधी घरातल्या जुन्या लॅपटॉपची विचारपूस करायचा, मग माणसांची. बहिणीचा लॅपटॉप सुरू व्हायला इतका वेळ घेई की तेवढ्यात एक धुणं वाळत घालून व्हायचं. अक्षरं मोठी करायला जावं तर ती एकमेकांच्या अंगावर चढत. आणि अक्षरं मोठी झाल्याशिवाय आता चालणार नव्हतं.

पेंटरांची बायको सव्वीस वर्षं घरी बसून पुस्तकांची प्रुफं तपासत होती. गेल्या काही महिन्यांत तिची नजर उतरत चालली होती. डॉक्टरांनी निदान केलं, औषध दिलं आणि औषधाचा फारसा उपयोग नाही हेही प्रामाणिकपणे सांगितलं. लॅपटॉपवर बागेतल्या किड्यांवरच्या एका पुस्तकाची छप्पन्न पानं येऊन पडली होती आणि प्रकाशकांचा फोन आला होता. "शनिवारपर्यंत होतील ना? नसेल जमत तर मोकळेपणानं सांगा, दुसऱ्या एक बाई तयार आहेत." सव्वीस वर्षांत तिने त्यांना 'जमणार नाही' असं एकदाही म्हटलं नव्हतं. याही वेळी तिने "होतील" म्हणून फोन ठेवला, आणि मग बराच वेळ फोनवरचा हात काढला नाही. आज मंगळवार होता.

"बिघडणार तर नाही ना काही?" स्वयंपाकघरातून तिने विचारलं.

"काही नाही ताई! सगळं या पेन ड्राइव्हवरनं चाललंय. तुझं जुनं आत जसंच्या तसं आहे. आवडलं तर बसवायचं, नाहीतर ड्राइव्ह काढला की संपलं."

ही पद्धत पेंटरांना पटली. बोर्डसुद्धा आधी खडूनेच आखतात.

अडतीस वर्षं त्यांनी दुकानांचे बोर्ड रंगवले होते. मग छापील प्लास्टिक आलं. त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. ज्या रस्त्यावर प्लास्टिक लागलं, त्या रस्त्याने जाणं फक्त सोडलं. असं करता करता त्यांचं फिरणं हळूहळू गच्चीपुरतं उरलं.

"तुझ्या या चित्रांपैकी एकही चित्र उभ्या रस्त्यावर टिकणार नाही," ते म्हणाले. "रंग कुठे बदलायचे तेवढं दाखव. मी करतो."

"भाऊजी, ते इतकं सोपं..."

"दाखव तर."

मेहुण्याने दाखवलं. पुढचा दीड दिवस पेंटर टेबलावरून उठले ते जेवायला, आणि तेही दोनदा हाक मारल्यावर. काळ्या जमिनीवर, म्हणजे मागच्या रंगावर, पिवळी अक्षरं सगळ्यात लांबून वाचता येतात, हे त्यांना कुठल्या संगणकाने शिकवलेलं नव्हतं. त्यांनी जमीन काळी केली, कोळशासारखी नव्हे, नव्या पाटीसारखी. पिवळा साडेचार तास शोधला. मेहुणा म्हणाला, पिवळे सगळे सारखेच. त्यानंतर तासभर पेंटर त्याच्याशी बोलले नाहीत. शेवटी पडद्याच्या अगदी मधोमध त्यांनी बायकोच्या कामाच्या फाइलचं नाव टाकलं, ठसठशीत, खाली हलकी सावली सोडून. बऱ्याच वर्षांनी त्यांच्या हातून बोर्ड झाला होता. ते दोन पावलं मागे सरले, डोकं कलतं करून बघितलं आणि हाक मारली.

"अगं, येतेस का?"

ती आली, खुर्चीत बसली, पडद्याकडे बघत राहिली.

"छान आहे," ती म्हणाली.

"काय दिसतंय?"

"काळं."

"आणि?"

"काळंच आहे की. काही लिहिलंय का यावर?"

मेहुण्याने घाईघाईने अक्षरं दुप्पट केली. "आता, ताई?"

"आता शेवटचं अक्षर दिसतंय. बाकीची डागाने खाल्ली."

"कसला डाग?" पेंटर म्हणाले.

"डोळ्यातला. मधोमध असतो. जिथे बघावं तिथे आधी हा जाऊन बसतो. कडेचं सगळं दिसतं मला, मधलं तेवढं जातं."

"हे तू कधी सांगितलंस?"

"डॉक्टरांनी सांगितलं की, तुमच्यासमोर. तुम्ही तेव्हा भिंतीवरचा तक्ता बघत होतात. त्यातल्या अक्षरांना वळण नाही म्हणून मला कोपराने ढोसत होतात."

मेहुण्याला एकाएकी पेन ड्राइव्हच्या टोपणात फार रस वाटू लागला. पेंटर आपल्या बोर्डाकडे बघत होते. अडतीस वर्षं नाव मधोमध घेतलं. नाव मधोमधच घ्यायचं असतं. गल्लीतल्या कुठल्याही माणसाला तो बोर्ड शंभर पावलांवरून वाचता आला असता. जिच्यासाठी केला तिला तेवढं सोडून.

"मग तू घरात वावरतेस कशी?" मेहुण्याने विचारलं.

"कडेनं. जे बघायचं त्याच्याकडे बघायचं नाही, त्याच्या शेजारी बघायचं. दूध उतू जाताना दिसतं मला. फक्त बघायचं खिडकीकडे."

पेंटर उठले. माळ्यावरच्या डब्यातून त्यांनी काचेवर लिहायची जाडी पेन्सिल काढली आणि परत येऊन पडद्यासमोर गुडघ्यांवर बसले.

"मधोमध बघ. मान हलवू नकोस. पेन्सिल दिसेनाशी झाली की सांग."

"अहो, पडदा खराब होईल..."

"पुसता येतं. बघ समोर."

पेन्सिल डावीकडून आत सरकली.

"गेली," ती म्हणाली. त्यांनी खूण केली. वरून आणली. "गेली." उजवीकडून. "आहे... आहे... हं, गेली." अशा बारा खुणा झाल्या. मग त्यांनी त्या जोडल्या. काचेवर बटाट्यासारखा एक आकार उमटला, एका अंगाने जरा फुगलेला.

पेंटर त्याच्याकडे बघत राहिले. आठ महिने हा घरात राहत होता आणि त्यांची आज ओळख होत होती.

"एवढाच?" त्यांनी विचारलं.

"केवढा वाटला होता?"

"मला वाटलं होतं, सगळंच चाललंय." ते उठले. "कुठल्या बाजूचं जास्त बरं दिसतं? डावीकडचं की उजवीकडचं?"

"डावीकडचं."

गुरुवारी त्यांनी बोर्ड पुसून पुन्हा आखला. पडद्याच्या उजव्या भागात बटाट्याच्या मापाचं एक पिवळं कडं काढलं आणि त्याच्या आत काही म्हणजे काही ठेवलं नाही. सगळी अक्षरं डावीकडे नेली, एका वेळी तीनच ओळी, एक वाचून झाली की वर सरकणारी. ते सरकवण्याचं काम मेहुण्याने केलं, पण कुरकुरत.

"भाऊजी, अख्ख्या जगात असा डेस्कटॉप कुणी करत नाही. जवळजवळ निम्मा पडदा रिकामा!"

"रिकामा कुठाय? तिथे डाग बसणार आहे."

"म्हणजे?"

"जिथे तिथे मधे मधे करतो ना? त्याला हक्काची जागा दिली. आता बसेल गुमान."

ती येऊन बसली. त्यांनी तिला समजावलं, "कड्यात बघ. डाग कड्यात बसव. चारी बाजूंनी कडं दिसायला लागलं की नीट बसला म्हणायचा." तिने मान थोडी हलवली, थोडी परत आणली, अरुंद गल्लीत मोटार लावावी तशी. मग ती स्थिर झाली. बोट बटणावर गेलं. ओळ सरकली.

"गांडूळ... जमिनीच्या आत..." ती थांबली. "जमिनीच्या आत... जमिनीच्या आत. अहो, दोनदा पडलंय हे! चूक आहे!"

छापील चूक इतक्या आनंदाने आजवर कुणी जाहीर केली नसेल.

"बसवू या मग?" मेहुणा म्हणाला. त्याने तिची सगळी जुनी कामं वेगळ्या ड्राइव्हवर काढून घेतली, दोनदा मोजली, आणि लिनक्स लॅपटॉपवर कायमचं बसवायला घेतलं. पाचव्या मिनिटाला पडद्यावर प्रश्न आला: डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. पुसायचं का?

"भाऊजी, तुम्ही दाबा. बोर्ड तुमचा आहे."

पेंटरांनी बोट पुढे नेलं आणि तसंच ठेवलं. जुन्या भिंती त्यांनी शेकड्याने पुसल्या होत्या. पण ज्या लॅपटॉपवर बायको इतकी वर्षं डोळ्यात तेल घालून बसली, तो पुसायचा म्हणजे...

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही. विचारतंय, पुसू का म्हणून."

"मग 'हो' म्हणा. न पुसता नवा बोर्ड लिहिलात का कधी?"

ते तरीही थांबलेत हे तिला कडेने दिसलं असावं. तिने चाचपत हात पुढे केला, त्यांच्या बोटावर आपलं बोट ठेवलं आणि दाबलं. पडद्यावर एक पट्टी डावीकडून उजवीकडे सरकू लागली. तिघंही त्या पट्टीकडे बघत बसले. ती वीस मिनिटं सरकत होती आणि एकालाही उठावंसं वाटलं नाही.

शनिवारी दुपारपर्यंत एक्केचाळीस पानं झाली. पूर्वी तेवढ्या वेळात शंभर झाली असती. तिने प्रकाशकांना फोन लावला, स्पीकर चालू ठेवून.

"एक्केचाळीस झालीत. उरलेली मंगळवारी देते. माझी नजर अधू झालीय, यापुढे मला वेळ लागेल, पूर्वीच्या दुप्पट, कदाचित तिप्पट. चुका मात्र राहणार नाहीत. चालत असेल तर सांगा, नसेल चालत तर तेही सांगा."

पेंटर टेबलावरचा डाग नसलेला कोपरा फडक्याने पुसत राहिले.

"काय आहे बाई," प्रकाशक शेवटी म्हणाले, "त्या दुसऱ्या बाईंकडे मी दहा पानं पाठवून पाहिली होती. त्या फार भराभर करतात. मंगळवारी ती दहाही तुमच्याकडे पाठवतो. बघून द्याल ना?"

"होतील," ती म्हणाली, आणि या वेळी फोनवरचा हात लगेच काढला.

मेहुणा शेजारच्यांचा जुना लॅपटॉप पाहायला निघून गेला होता. पेंटरांनी दोन कप चहा केला आणि टेबलाशी येऊन बसले, लग्न झाल्यापासून बसत आले तसे, तिच्या बरोब्बर समोर. एक घोट घेतला. मग कप खाली ठेवला. आठ महिने ते रोज सकाळ-संध्याकाळ नेमके त्या डागात बसत होते.

ते उठले, खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घालून तिच्या डाव्या हाताला नेऊन ठेवली आणि बसले.

ती समोरच्या रिकाम्या जागेकडेच बघत होती.

"दाढी वाढलीय तुमची," ती म्हणाली. "आणि पांढरी किती झालीय हो."