हरिबा ठेकेदाराचं रेशन

आपण ठेकेदार झालोय हे हरिबाला कळलं ते सास्तूरच्या रेशन दुकानात. अंगठा टेकवला, तर दुकानदार म्हणाला, "तुमचं नाव कटलंय. मागल्या साली सव्वा कोटीचे रस्ते केलेत म्हणं तुम्ही."

हरिबानं जन्मभर केलं काय, तर आण्णासाहेबांच्या शेळ्या राखल्या. पस्तीस किलो धान्य गेल्यावर घरातल्या सहा तोंडांनी खायचं काय? आणि बाहेर मोटारीत पोती चढत होती, ती आण्णासाहेबांची. व्हय, त्यांचीच. तालुकाभर रस्ते करणारा हा माणूस कागदावर पार गरीब होता बिचारा.

हरिबा तडक त्यांच्या बंगल्यावर गेला. "पॅन कार्ड योजनेसाठी म्हणून नेलं होतं तुम्ही."

"योजनाच की ही. कामाचे पैसे तुला दिल्याचं दाखवलं, वर टॅक्सबी कापून भरला. आरं, कागदावरच हाय सगळं. तुझं काय जातंय?"

हरिबाच्या सहीचे कोरे चेक आण्णासाहेबांच्याच कपाटात होते, म्हणजे जायला काही नव्हतंच. गेलं ते पोटाचं.

सून प्रतीक्षा मुरुमला टॅक्सची कामं करणाऱ्याकडं नोकरीला होती. तिनं टॅक्स कापल्याचे तीन सालांचे दाखले काढले आणि हसतच सुटली. "मामा, माकणीच्या शाळेच्या भिंतीचं टेंडर निघालंय. तीन वर्षांचा अनुभव मागत्यात. तुमच्याइतका कुणाकडं हाय?"

टेंडर हरिबाला लागलं. आण्णासाहेब लई तणतणले, पण हरिबा ठेकेदार न्हाय म्हणावं तर स्वतःचीच बिलं खोटी ठरतात. बसले मूग गिळून.

आता मिक्सर आणि गवंडी कुठनं आणायचे? हरिबानं सगळं काम आण्णासाहेबांनाच दिलं, बारा लाखांना. आपल्यासाठी वर्षाच्या ज्वारीपुरतं ठेवलं. नव्या खात्याचा चेक देताना शेकडा एक रुपया टॅक्स कापला आणि प्रतीक्षानं तो आण्णासाहेबांच्या पॅनवर रीतसर भरला.

"तू माझा टॅक्स कापतो?"

"सव्वा कोटीच्या ठेकेदाराला कापावाच लागतो म्हणं. कागदावरच हाय, आण्णासाहेब."

पुढं एके दिवशी आण्णासाहेबांचा ड्रायव्हर रेशन दुकानातनं रिकामी पोती घेऊन परतला. मग साहेब स्वतः आले, अंगठा टेकवला.

"नाव कटलंय," दुकानदार म्हणाला. "बारा लाखांची भिंत बांधलीत म्हणं."

मागं हरिबा आपला तक्रारीचा अर्ज घेऊन उभा होता. त्यानं खिशातनं दुसरा कोरा अर्ज काढून पुढं केला.

"घ्या. सोबत पॅन कार्डाची झेरॉक्स लागती. तेवढी जपून द्या."