तिथल्या उन्हाची अंगठी

भूगोलाचे सर तावातावाने दुकानात शिरले आणि त्यांनी अंगठी टेबलावर ठेवली. "काका, ही तुमची अंगठी सकाळी आठलाच माझे बारा वाजवते!"

काकांना हसू आलं. तीस वर्षं ते उन्हाच्या अंगठ्या करत होते आणि त्यांच्या कामाला नावं ठेवणारा अजून जन्माला यायचा होता. अंगठी म्हणजे पितळेचं रुंद कडं, त्यावर सरकणारी पट्टी आणि पट्टीला सुईच्या टोकाएवढं भोक. पट्टी चालू महिन्यावर आणायची, अंगठी दोऱ्याने उन्हात टांगायची. भोकातून आलेला उजेडाचा ठिपका आत ज्या रेघेवर पडेल, तेवढे वाजले. खिशातली घड्याळं स्वस्त होईपर्यंत देशोदेशीचे वाटसरू असली अंगठी गळ्यात घालून फिरत. मेख एकच. सूर्य सगळीकडे सारखा वर चढत नाही, त्यामुळे इथल्या अक्षांशाची अंगठी दूर उत्तरेला काडीच्या कामाची नाही आणि तिथली इथे नाही.

काकांनी चष्मा कपाळावर सारून अंगठीच्या आत पाहिलं. रेघा तिथल्या होत्या, उत्तरेच्या. ही अंगठी त्यांनी तिकडे नोकरीला गेलेल्या लेकीसाठी कोरली होती. पार्सल बांधलं त्या दिवशी बायकोला दवाखान्यात न्यायची धांदल होती, दोन्ही डब्या सारख्या, आणि सरांची अंगठी लेकीला गेली.

"आठवड्यात नवी करून देतो," ते म्हणाले. "या वयात असं होतं."

सर गेले आणि मग काकांना एकदम आठवलं.

मागच्याच आठवड्यात लेकीचा फोन आला होता. "बाबा, काय जुळते हो! बाराला बारा!" वर फोटोही पाठवला होता. दोरा धरलेली तिची दोन बोटं, खाली टांगलेली अंगठी आणि ठिपका बरोबर बाराच्या रेघेवर. काकांनी तो फोटो अर्ध्या गल्लीला दाखवला होता. पाहिली मात्र नुसती लेकीची बोटं.

त्यांनी फोटो पुन्हा उघडला. डिसेंबरात तिकडे भर दुपारी सूर्य इतका खाली असतो, की इथल्या अंगठीत ठिपका आठाच्या रेघेपुढे सरकायचा नाही. बारावर पोचायला सूर्य इथल्याइतका वर लागतो. त्यांनी पाढा म्हणावा तसा तो हिशेब तीनदा केला. पोरगी तिकडे नव्हतीच. पार्सल तिने चार तासांवरच्या शहरात मागवलं होतं, 'आम्हाला पाठवणाऱ्या एजन्सीच्या ऑफिसात द्या, तिथून येतं' म्हणून. म्हणजे ती तिथेच होती.

तिकडच्या मोठ्या इस्पितळात नर्स म्हणून तिची नेमणूक झाली, तेव्हा काकांनी गावभर डंका पिटला होता. निरोपाला सगळी गल्ली लोटली आणि सगळ्यांदेखत ते हसत हसत म्हणाले होते, "आता मान खाली घालून परत येऊ नकोस बरं का!" एजन्सीने फसवलं असेल, नोकरी गेली असेल, देव जाणे. पण ते वाक्य तिने गाठीला बांधलं, एवढं काकांना आता लख्ख कळलं. जीभ हासडून टाकावी असं त्यांना वाटलं.

आतल्या खोलीत बायको पडून होती. डॉक्टरांनी आता दिवस मोजायला सांगितले होते. ती रोज एवढंच विचारायची, "कधी येते म्हणाली?" आणि लेक रोज सांगायची की रजा मिळत नाही, लांबचा प्रवास आहे.

चार तासांवर जाऊन तिला समोर उभं करता आलं असतं. पण बायकोला कुणाच्या भरवशावर सोडणार? आणि लपलेल्या पोरीला उघडं पाडून ती आईजवळ आली, तरी कुठल्या तोंडाने बसणार? तिचं तिनेच यायला हवं होतं. संध्याकाळी काकांनी फोन लावला.

"बाळ, माझ्याकडून चूक झाली. तुला इथल्या उन्हाची अंगठी धाडली गेली. ती तिकडे बरोबर दाखवणं शक्यच नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "मी रागावलो नाही गं. कुणीच रागावणार नाही. आईकडे फार दिवस नाहीत."



"बघून सांगते, बाबा."

काकांना रात्रभर आशा होती. सकाळी दारावरच्या प्रत्येक पावलाला ते उठून पाहत होते. दुपारी फोन आला.

"बाबा, खरंच चुकते हो. आज नीट पाहिलं. दहा मिनिटं मागे पडते." "तुम्ही म्हणता तेच बरोबर."

ती खरंच तिकडे असती, तर फरक चार तासांचा पडला असता. काका भिंतीला टेकले. "दहा मिनिटं चालतात," ते म्हणाले. "जपून राहा."

"काय म्हणाली?" आतून बायकोने विचारलं.

"रजा नाही मिळत."

"राहू द्या. इतक्या लांबून कशी येणार बिचारी? उगाच तिच्या मागे लागू नका." तिने अंगावरची शाल ओढून काढायला सुरुवात केली. तेवढ्यानेही तिला धाप लागली. "ही पाठवा तिला. तिकडे थंडी मरणाची असेल."

"आणि तुला?"

"मला काय? इथे कुठे थंडी आहे!"

काकांनी शाल घेतली, तिच्यादेखत घडी घातली, कागदात बांधली. पत्ता लिहिताना ती उशीवरून बघत होती, म्हणून त्यांनी त्या दूरच्या देशाचं नाव मोठ्या, ठसठशीत अक्षरांत लिहिलं.