नुसतं बघून येतो

आमच्या ह्यांना बिघाड दिसला की हात आवरत नाही. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या माहेरी आले, तेव्हा पान वाढेपर्यंत ह्यांनी दाराची बिघडलेली बेल खोलून दुरुस्तही केली होती. माझा धाकटा भाऊ हसत म्हणाला, "ताई, भाऊजींना दवाखान्यात नेऊ नकोस हं. डॉक्टरच्या आधी हेच पेशंट उघडतील."

हे मोठ्या मशीनचे इलेक्ट्रिशियन. त्याच यार्डात मी सुट्या भागांच्या खिडकीवर बसते, आणि धाकटा खोदाईच्या मशीनवर ऑपरेटर होता. होता म्हणायची वेळ आली, त्याचीच ही गोष्ट.

मशीनचा तो लांब हात, ज्याला सगळे बूम म्हणतात, एका सकाळी फिरता फिरता थांबलाच नाही. शेजारी खड्ड्याची मापं घेणाऱ्या मोजणीवाल्याचा पाय बकेट आणि भिंतीच्या मधे सापडला. पाय राहिला, पण चाल गेली. साहेबांनी मशीन कोपऱ्यात लावून दाराला पट्टी चिकटवली. विम्याचे तपासनीस येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही, अशी ताकीद दिली. मशीनमध्ये दोष निघाला तर धाकटा सुटणार होता. नाही निघाला तर निष्काळजीपणाचा गुन्हा, आणि पुन्हा कुठल्याही मशीनवर बसायला बंदी.

"ताई, मी बूम फिरवायची दांडी सोडली होती," तो आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून म्हणाला. "दोन्ही हात वर केले होते गं. मशीन ऐकतच नव्हतं."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

"वायरिंगचं काम वाटतंय," हे म्हणाले. "दांडीचा निरोप दोन बारीक तारांवरून पंपाकडे जातो. निरोप अर्ध्यात तुटला, तर पंप शेवटचं ऐकलेलंच धरून बसतो. अगदी तुझ्या ताईसारखा."

कितीतरी दिवसांनी धाकटा हसला.

"मग बघा ना जाऊन," मी म्हणाले. "फक्त बघा."

"नुसतं बघून येतो."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत यार्ड रिकामं असताना हे पट्टी हळूच सोडवून आत गेले. मी खिडकीतून बघत होते. बॅटरी बंद करून ह्यांनी त्या दोन तारांना मीटर लावला. मीटरने साठ ओहम दाखवले की लाइन धड, एवढं मलाही ऐकून ऐकून ठाऊक झालंय. साठच आले. दुसरा कुणी असता तर मीटर गुंडाळून निघाला असता. हे केबिनच्या तळाशी पालथे झाले आणि तारांचा जुडगा वीतभर वीतभर धरून हलवायला लागले. मनात देवाचं नाव घेत मी वाट बघत होते. एका जागी ह्यांचा हात थबकला. पुन्हा हलवून बघितलं. मग उठून पळतच खिडकीशी आले, कपाळाला ग्रीस, डोळ्यांत लग्नातला आनंद.

"सापडलं! हलवलं की साठाचे एकशेवीस होतायत. फरशीखालचा कनेक्टर पाण्याने हिरवा पडलाय, एक पिन नुसती लोंबतेय. पोरगा खरं बोलत होता! नवा दे, लवकर."

मी दिला. आनंदाने दिला. माझ्या डोक्यात एकच, भाऊ सुटला.

सुट्टी संपायच्या आत हे हात पुसत परत आले. जुना कनेक्टर माझ्या भंगाराच्या डब्यात टाकला आणि म्हणाले, "लोण्यासारखं फिरतंय आता. बिघाडाचा एकसुद्धा कोड परत आला नाही."

"परत म्हणजे?"

"मशीन प्रत्येक बिघाडाची कोडमध्ये नोंद ठेवतं ना, आधीचे साठले होते. ढीगभर. ते पुसले."

"पुसले?"

"पुसल्याशिवाय कळणार कसं, बिघाड गेला की..."

हे त्या मशीनकडे बघत उभे राहिले. मी डब्यात हात घालून तो कनेक्टर काढला आणि पदरात बांधला.

तपासनीस आले. सभ्य, मितभाषी माणूस. त्यांनी लॅपटॉप लावला, कोड नव्हते. मीटर लावला, साठ. चालवून पाहिलं, दांडी सोडताच बूम जागच्या जागी थांबे. साहेब शेजारीच उभे होते. धाकट्याच्या चेहऱ्याचा रंग उतरत चालला, तशी मी पुढे झाले आणि पदराची गाठ सोडली.

"हा ह्या मशीनचा आहे. काढण्याआधी ह्यात पिन सुटलेली होती."

त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. "खराब आहे खरा. पण ह्याच मशीनचा कशावरून, बाई? काढला कुणी?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. धाकट्यानेही पाहिलं. साहेबांनीही.

हे खाली बघत म्हणाले, "असले कनेक्टर डबाभर पडलेत साहेब, तिच्या खिडकीखाली."

घरी आल्यावर हे स्वतःहून बोलले. "पट्टी मी सोडवली, कोड मी पुसले. उद्या म्हणाले असते, मेव्हण्याला वाचवायला मीच पुरावा तयार केला. दोघे बुडण्यापेक्षा एक बरा."

"तो एक माझा भाऊ आहे," मी म्हणाले. आवाज चढवायची मला सवय नाही, तेव्हाही चढला नाही. ताट वाढलं. तेव्हापासून रोज वाढते. ताटाला नाही म्हणायचं नाही, असं मला शिकवलंय. बोलायलाच हवं असं मात्र कुणी शिकवलेलं नाही.

मशीनमध्ये दोष नाही असा अहवाल गेला, आणि मशीन पुन्हा कामाला लागलं. नवा ऑपरेटर ह्यांची पाठ थोपटतो, "तुमच्या हाताला गुण आहे बुवा!" हे मान हलवून पुढे निघून जातात.

परवा धाकटा केबिनमधली आपली पाण्याची बाटली आणि जुना स्वेटर न्यायला आला. मी दोन्ही खिडकीवर आणून ठेवलं होतं. भाऊजी कुठे म्हणून त्याने विचारलं नाही. समोर मशीन माती भरत होतं. बूम वळायचा, दांडी सुटायची, बूम थांबायचा. दर खेपेला थांबायचा, एका बोटाचीही चूक नाही. स्वेटर छातीशी धरून तो बघत राहिला.

"ताई."

"बोल."

"मी दांडी खरंच सोडली होती ना गं?"

"सोडली होतीस," मी म्हणाले. "दोन्ही हात वर केले होतेस."

त्याने ऐकलं की नाही, कोण जाणे. त्याची नजर पुन्हा थांबलेल्या त्या बूमवर होती.