पांढऱ्या तुकड्यातलं गवत

संशोधन केंद्रात सगळे त्यांना मातीवाले म्हणत. टेकडीवरची माती आणायची, वाळवायची, चाळायची आणि तिच्यात काय आहे नि काय नाही ते आकड्यांत सांगायचं, हे काम ते केस काळे होते तेव्हापासून करत आले होते. काम चोख. पण मातीचा फोटो कोण काढतो? फोटो निघायचे ते त्यांच्या साडूने मोजलेल्या रानफुलांचे. आणि दुःखावर डागणी अशी, की या साडूला इथे चिकटवलं होतं त्यांनीच. मेव्हणीचा नवरा, हुशार पोरगा, घरी बसून आहे म्हणून त्यांनी साहेबांकडे शब्द टाकला होता. आता त्याचं नाव चहाच्या टेबलावर निघालं, की मातीवाल्यांचा चहा कडू व्हायचा.

टेकडीवर पाऊस जेमतेम, ऊन रगड. पायथ्याला काळी, कसदार माती होती आणि तिथे एकच गवत गुडघाभर माजलेलं असायचं. वर खांद्यापाशी मात्र खाटेएवढा एक पांढरट, चुनखडीचा, टणक तुकडा होता. तिथे बोटभर उंचीची नाना जातींची रोपं एकमेकांना खेटून गुण्यागोविंदाने नांदायची. साडू तिथे तारेची चौकट टाकून पालथा पडायचा आणि तासन् तास मोजत बसायचा.

"दादा, जमीन इतकी भिकार, आणि जाती इथेच सगळ्यात जास्त. असं का?" नवा होता तेव्हा त्याने विचारलं होतं.

"अरे, भरल्या ताटावर दांडगा बसतो आणि बाकीच्यांना उठवतो. इथे ताटच रिकामं. दांडग्याचं भागत नाही, म्हणून तो फिरकत नाही, आणि बारक्यांचं फावतं."

साडूने हे जसंच्या तसं भाषणात सांगितलं. "आमच्या दादांनी शिकवलं," असंही म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि लक्षात ठेवलं ते पडद्यावरचं निळं फूल. त्याने नाव घेतलं नसतं तर निदान त्याला चोर तरी म्हणता आलं असतं. त्याने तेवढीही सोय ठेवली नव्हती.

घरी तरी सुटका कुठे होती?

"धाकटीच्या ह्यांचा फोटो छापून आलाय," बायको म्हणाली.

"येऊ दे."

"तुमचा कधी येणार?"

"मी मेल्यावर. हार घातलेला."

मग बातमी आली, की मुख्य कार्यालयातले पाहुणे टेकडी बघायला येणार. साडूची नोकरी अजून कच्ची होती. कामाने पाहुणे खूश झाले तर ती पक्की होणार होती, आणि सोबत त्याला मिळणार होती खिडकीची मोठी खोली. तीच खोली, जिच्यासाठी मातीवाल्यांनी अर्ज करकरून हात दुखवून घेतले होते. त्या रात्री त्यांच्या घशाखाली घास उतरेना.

आभाळ भरून आलं त्या संध्याकाळी त्यांनी कोठारातून ओंजळ-दोन ओंजळ युरिया पिशवीत घेतला, टेकडी चढले आणि पांढऱ्या तुकड्यावर फेकला. एवढ्याने काय होतंय, असं ते स्वतःला सांगत होते. एवढ्याने काय होतं हे केंद्रात नेमकं ठाऊक असलेला माणूस एकच होता, आणि तो रिकामी पिशवी झटकत उतरत होता.

पाऊस पडला. उपाशी मातीला घबाड मिळालं आणि दांडगं गवत हजर झालं. बघता बघता गुडघ्याला लागलं. खालची बारकी रोपं आधी पिवळी पडली, मग दिसेनाशी झाली. साडू मातीची पिशवी घेऊन आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"दादा, सगळी गेली. निळं तर एकही नाही. कुणी काही टाकलं असेल का हो? जरा बघता?"

मातीवाल्यांनी पिशवी खणात ठेवली. गाठही सोडली नाही. दोन दिवसांनी म्हणाले, "माती तीच आहे. पाऊस यंदा बरा झाला, त्याचा परिणाम."

"तुम्ही म्हणताय म्हणजे तसंच असणार," साडू म्हणाला आणि निघून गेला. मातीवाल्यांना त्या दिवशी कित्येक महिन्यांनी भूक लागली.

पाहुणे आले. गाडीतून उतरले, धापा टाकत वर चढले आणि त्या उजाड, रखरखीत टेकडीवर तो हिरवागार तुकडा बघून जागीच उभे राहिले.

"वा! याला म्हणतात काम!"

"साहेब, खरं तर हे बिघडलंय," साडू म्हणाला. "इथली फुलं—"

"फुलांचं काय घेऊन बसलात! खडकावर हिरवळ आणलीत तुम्ही. विनयाने बोलतोय बघा पोरगा! याला पक्का करून टाका."

सगळे हसले. कुणीतरी फोटो काढला. नासधूस आपण करायची, आणि तिचाही हार याच्याच गळ्यात? ते गर्दीतून पुढे घुसले.

"काम कसलं डोंबलाचं? युरियाने माजलेलं गवत आहे हे! सत्यानाश झालाय तुकड्याचा, आणि तुम्ही कौतुक करताय!"

हसणं थांबलं. साडूने हळूहळू मान वळवली. पाहुण्यांकडे नाही, त्यांच्याकडे.

"दादा, माती तीच आहे म्हणालात ना?"

मातीवाले पुन्हा गर्दीत मागे सरकले.

"कुणी टाकला युरिया?" पाहुण्यांनी दरडावून विचारलं.

साडूने वाकून गवताची एक काडी उपटली. मग म्हणाला, "माहीत नाही. पण यंदाचं काम धरू नका." नोकरीचा विषय तिथेच पुढच्या वर्षावर गेला.

दुपारी तो प्रयोगशाळेत आला. खणातली न सोडलेली पिशवी त्याने हातात घेतली, गाठ पाहिली. मग आपल्या बाकीच्या पिशव्याही काढायला लागला.

"कुठे नेतोस?"

"दुसरीकडे तपासून घेतो."

"त्यांना आपली टेकडी काय कळणार?" मातीवाल्यांचा आवाज चिरकला. "तिथे तुला कोण ओळखतं?"

"कुणीच नाही. म्हणूनच."

त्याचे दोन्ही हात भरले होते. मातीवाल्यांनी उठून दार उघडून धरलं. साडू बाहेर पडला, थांबला आणि म्हणाला, "थँक्यू, सर."