मागच्या ट्रॉलीचा ब्रेक

आयुब मिस्त्री मागच्या ट्रॉलीखाली पाठीवर सरकला आणि छोटी बॅटरी दातात धरून ब्रेकच्या पाइपाची क्लिप आवळू लागला. दिव्यांची तुटलेली वायर त्यानं सकाळीच नव्यानं ओढली होती. दातात बॅटरी होती तोवर बोलावं लागत नव्हतं, तेवढंच बरं.

"चाचा, आज गप का हो?" बाजेवरून गौरीशंकरनं विचारलं. त्याच्या कुबड्या बाजेला टेकवलेल्या होत्या आणि विजारीचा उजवा पाय गुडघ्याखाली दुमडून पिन लावलेला. "तुमी मुकं झाल्याची खबर जळकोटात गेली तर गिऱ्हाईक तुटंल की."

खरंच, आयुबला गप बसलेला कुणी पाहिला नव्हता. फरिदाबी, त्याची बायको, म्हणायची की हा झोपेतही थापा मारतो आणि सकाळी उठून त्या खऱ्या धरून चालतो.

ट्रॅक्टरच्या सीटवर बसलेले शंकरप्पा मात्र मुलाच्या बोलण्यावर हसले नाहीत.

मागच्या उसाच्या हंगामाला याच अंगणात आयुबनं या मागच्या ट्रॉलीचे दिवे जोडले होते. लाल दिवे, इंडिकेटर, सगळं. ब्रेक राहिला. तो जोडला की मागची ट्रॉली हिसके देते, म्हणून आसपासचे ड्रायव्हर पाइप काढून गुंडाळूनच ठेवतात. पोलिसांना काय, दिवे दिसले की झालं. तरी गौरीशंकर जरा घुटमळला होता. तेव्हा आयुबनं बिडी पेटवून सांगितलं, की तुळजापूरचा घाट आपण उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन बिनब्रेकाचा उतरलो. बॉनेटवर चहाचा भरलेला ग्लास होता. खाली पोचलो तर चहावरची साय मोडली नव्हती.

पंधराव्या दिवशी जळकोटच्या अलीकडच्या उतारावर मागच्या ट्रॉलीनं पुढचीला रेटलं, आणि पुढचीनं गौरीशंकरच्या ट्रॅक्टरला.

क्लिप बसली. आयुब बाहेर आला. फडक्यानं एकेक बोट पुसू लागला.

"बेटा, ते घाटाचं..."

"चहाच्या ग्लासाचं?" गौरीशंकर सावरून बसला. "दवाखान्यात त्याचाच इचार करत दिस काढले, चाचा. चाचांना जमलं ते मला का जमलं न्हाय? आता कळलंय. उतारावर म्या क्लच दाबला. तिथंच गाडी सुटली. चूक माझीच."

"आरं, म्या घाट उतरलोच न्हाय." आयुबची नजर फडक्यावरच होती. "ट्रॅक्टर घिऊन अंगणाबाहिरबी कधी गेलो न्हाय. वायरी जोडतो, तेवढंच येतं मला. थाप हुती ती."

गौरीशंकर इतका मोठ्यानं हसला की बाज करकरली.

"बघा अप्पा! माझं मन राखाया चाचा आता ही नवी थाप मारायलेत."

"थाप न्हाय रे, बाबा."

"असू द्या हो. तुमी कशाला अंगावर घेता?" त्यानं कुबड्या काखेत घेतल्या. "जेवल्याबिगर जायचं न्हाय. शिवप्रियाला भाकरी टाकाया सांगतो."

कुबड्यांचा आवाज घरात शिरला. बायकोला तो चाचांची नवी थाप हसत हसत सांगत होता, ते अंगणात ऐकू येत होतं.

"मला ठावं हुतं," शंकरप्पा स्टिअरिंगकडं बघत म्हणाले. "थाप हाय ते. त्या दिशी म्या लई हसलो. वाटलं, पोरगंबी हसायलंय."

आयुब उठला. मागच्या ट्रॉलीला त्यानं खांदा लावला.

"दाबा, अप्पा."

शंकरप्पांनी ब्रेक दाबला. आयुबनं होता नव्हता तेवढा जोर लावून रेटलं. टाचा मातीत रुतल्या. चाक तसूभर हललं नाही.

"धरलं का?"

"व्हय," आयुब म्हणाला, आणि रेटतच राहिला.