गुडघ्यापाशी बसलेली बाई

भोसरीच्या एका कारखान्यात भीमराज पत्र्यांवर फवाऱ्याने रंग मारायचा. रंग मारला की पत्रा भट्टीत, आणि भट्टीतून निघाला की कडक. त्यामुळे बहात्तर साली तैलरंग शिकायला बसल्यावर त्याची चांगलीच जिरली. या रंगाला कसली घाईच नाही! आठवडा उलटला तरी बोट लावावं तर बोट निळं.

शिकवायला होते हरिहर मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक. त्यांनी एका विलायती चित्राची छापील प्रत दिली आणि तिच्यावर चौकोन आखून घेतले. ग्रीक पुराणातला प्रसंग होता. देवांचा राजा ढगांवर ऐसपैस बसलेला आणि त्याच्या गुडघ्यापाशी एक बाई, एक हात वर करून त्याच्या दाढीला लावलेला. लढाईवर गेलेल्या मुलासाठी पदर पसरणारी आई.

"चेहरे बघू नकोस," मास्तर म्हणायचे, "एकेक चौकोन उतरव. तू नक्कल करायला बसलायस, दर्शनाला नाही."

भीमराजला ते सोपं गेलं, कारण त्याच्या घरात देवच नव्हते. दीक्षा घेतली तेव्हा त्याच्या आईने, सोजरबाईने, मरीआईसकट सगळे देव पाटीत भरून स्वतःच्या हाताने इंद्रायणीत सोडले होते. आता खोलीतल्या एका भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि समोरच्या भिंतीला टेकून ठेवलेल्या कॅनव्हासवर हा परका दाढीवाला.

सोजरबाई आधी चित्राकडे पाठ करून जेवायला लागली. मग तिचं जेवणच सुटलं. एकदा शिफ्ट संपवून तो परतला, तर दाराबाहेरच त्याला तिचा आवाज ऐकू आला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. ती चित्रातल्या बाईशी बोलत होती.

"ऊठ गं बाई. गुडघं फुटत्यात, दुसरं काय मिळत न्हाई."

भीमराज दारातच थांबला. त्याच्या जन्माआधी थोरला भाऊ ज्योतीराम देवीच्या साथीत गेला, तेव्हा आई मरीआईच्या पायरीवर अशीच बसून होती, हे त्याने चुलतीकडून ऐकलं होतं. आईने त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

"तिचं ऐकतो का त्यो?" तो आत येताच तिने विचारलं.

शिकवणीला गेल्यावर त्याने मास्तरांना विचारलं. "मान डोलावतो की," मास्तर म्हणाले. "पण पोरगा मरायचा तो मरतोच."

घरी आल्यावर एवढं आईला सांगायची त्याची छाती झाली नाही. "ऐकतो," तो म्हणाला.

"खोटं बोलतुयास. ऐकलं असतं तर अजून खाली कशापायी बसली असती?"

दुसऱ्या दिवशी तो कामावरून आला, तर खोलीत रॉकेलचा वास. सोजरबाई चित्रासमोर उकिडवी बसलेली, हातात चिंधी, कोपरापर्यंत रंगाने माखलेली. चित्रातली बाई गेली होती. तिच्या जागी नुसता चिखल होता. देवाला मात्र तिने धक्का लावला नव्हता.

"उठवलं तिला," ती म्हणाली. "जा म्हणलं घरी."

भीमराजला राग यायला हवा होता, कित्येक महिन्यांची मेहनत होती ती. पण आईकडे बघून त्याला भडभडून आलं आणि भीतीही वाटली, कारण ती अजून पुसतच होती. बाईचं बाकी अंग अजून ओलं होतं, पण तिचा वर केलेला हात त्याने सगळ्यांत आधी रंगवला होता आणि तो पार वाळून घट्ट झाला होता. देवाच्या दाढीला लागलेला तो एकटा हात चिंधीला दाद देत नव्हता.

"आये, राहू दे आता."

"बघ की रं," सोजरबाई चिंधी पुन्हा रॉकेलात बुडवत म्हणाली. "सोडतच न्हाई ती त्याला."